घर लावणारी शामला

शामला आमच्या दारात पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा तिच्यामागे एक उंचच उंच डच म्हातारा होता. अवजारांची जड पेटी तिच्या हातात, आणि म्हाताऱ्याचे दोन्ही हात खिशात. मी मनात म्हटलं, बघा, बाईमाणसाला हमाल केलंय. तेवढ्यात तिनं माझ्या कपाळावरची टिकली पाहिली, गळ्यातलं मंगळसूत्र पाहिलं आणि तोंडभर हसली.

"मराठी का? बरं झालं. आता भट्टीचं दुखणं आपल्या भाषेत विचारता येईल."

"विचार की," मी म्हटलं, "पण भट्टीला मराठी येत नाही आणि मला भट्टीतलं काही येत नाही."

"मग तुमचं दोघींचं छान जमत असेल."

अशी पहिल्याच वाक्याला टाळी घेणारी माणसं मला फार आवडतात. मी तिला आत घेतलं, ती आजतागायत आतच आहे असं म्हणायला हरकत नाही.

आम्ही आल्मेरेत राहतो. आम्ही म्हणजे मुलगा अभिजित, सून स्वप्नाली, मी आणि माझे यजमान दीनानाथ. लिहिताना मी त्यांचं नाव सरळ घेते. नाटक कंपनीत आयुष्य गेलेल्या बाईला नवऱ्याचं नाव घ्यायला उखाणा लागत नाही. अभिजित आणि स्वप्नाली सकाळी अंधारातच सायकली काढतात, स्टेशन गाठतात आणि ॲमस्टरडॅमची गाडी पकडतात. मी नऊच्या आधी उठत नाही. प्रयोग संपवून, रंग उतरवून, दौऱ्याच्या गाडीतून उजाडता उजाडता घरी येणाऱ्या बाईला सकाळ नावाची गोष्ट ऐकून माहीत असते, तशी ती मला आजही ऐकूनच माहीत आहे. दीनानाथ मात्र पहाटेचे. ते आमच्याच कंपनीत प्रॉम्प्टर होते. विंगेत स्टुलावर बसायचे आणि असे कुजबुजायचे की शब्द माझ्या कानात पडावा, पण पहिल्या रांगेतल्या माणसाला संशयही येऊ नये. निवृत्त झाले, देश बदलला, तरी आवाज त्याच पट्टीत राहिला. घरात ते कधी काय बोलतात आणि कधी काय करून ठेवतात, कुणाला पत्ता लागत नाही. हे लक्षात असू द्या.

आमचं घर जुन्या वस्तीतलं. इकडे बहुतेक घरांत भिंतींना रेडिएटर असतात, त्यांतून गरम पाणी फिरतं. आमच्याकडे तसं नाही. जिन्याखालच्या कपाटात गॅसवर पेटणारी एक भट्टी आहे. तिच्यात एक मोठा पंखा. तो घरातली गार हवा ओढून घेतो, भट्टीवरून नेतो आणि पत्र्याच्या नळ्यांतून खोल्याखोल्यांत ढकलतो. जमिनीत लोखंडी जाळ्या बसवल्यात, त्यांतून ती गरम हवा वर येते. पहिल्या हिवाळ्यात मी त्या जाळीवर पातळाचा घोळ पसरून उभी राहायचे तेव्हा मला आमच्या नाटकातला स्वर्गप्रवेशाचा प्रसंग आठवायचा. त्यात खालून धूर सोडायचे, इथे ऊब.

या वर्षी मात्र ऊब रुसली. दिवाळी झाली, थंडी पडली आणि मी रोज नऊला उठायचे ती दात वाजवतच. भट्टी बंद, घर गार. कपाटातलं लाल बटण दाबलं की बिचारी पुन्हा पेटायची आणि दिवसभर शहाण्यासारखी चालायची. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. स्वप्नालीनं कपाटावर चिकटवलेल्या नंबरावर फोन केला. तो नंबर त्या उंच म्हाताऱ्याचा, त्याचं नाव हार्म. असल्या जुन्या भट्ट्या नीट करणारे लोक आता फार उरले नाहीत, हार्म त्यांतला एक. तो आला, बरोबर दहा वाजता. भट्टी छान चालू. त्यानं मान हलवली, पंख्याचा वेग थोडा वाढवला आणि गेला. चार दिवसांनी परत फोन. परत दहा वाजता आला, परत वेग वाढवला. तिसऱ्यांदा आला तेव्हा पंख्याचा एवढा आवाज सुरू झाला की मला वाटलं, कपाटात विमान उतरलंय. आणि तरी सकाळी घर गारच.

चौथ्या खेपेला तो शामलाला घेऊन आला.

हार्म कपाटात डोकं घालून बसला होता तेव्हा मी चहा टाकला. शामला ओट्याला टेकून उभी होती. दोन मिनिटांत तिनं मला आपली सगळी कथा सांगितली, आणि तीही त्या म्हाताऱ्याच्या देखत, कारण त्याला मराठी कळत नाही आणि तसंही त्याला ऐकू कमी येतं. आयुष्यभर पंख्यांच्या शेजारी बसून कान गेलेत.

ती सांगलीची. डिप्लोमा करून पुण्यात एका कारखान्यात लागली, तिथे सिनेमागृहांच्या वातानुकूलनासाठी पत्र्याच्या नळ्या बनत. मग लग्न झालं. नवरा नरेंद्र इकडे संगणकाच्या नोकरीवर. ती आली त्याच्या पाठोपाठ.

"काकू, कागदावर मी 'डिपेंडंट'. म्हणजे नवऱ्याच्या नावाला टाचणीनं लावलेली चिठ्ठी. खेमेंटेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत गेलं, बँकेत गेलं, डॉक्टरकडे गेलं, सगळीकडे आधी विचारायचे, मिस्टर काय करतात? नरेंद्र माणूस चांगला हो. पण पोळ्या खाऊन चांगलं म्हणण्यापलीकडे माझ्याबद्दल त्यालाही काही बोलायला नसायचं."

"मग हा कुठे भेटला?" मी हार्मच्या पाठीकडे बोट दाखवलं.

"आमच्या भाड्याच्या घरातली भट्टी बिघडली तेव्हा हा आला. मी बॅटरी धरून उभी. हा आपला भट्टीच खोलतोय, खोलतोय. मी म्हटलं, आजोबा, भट्टी ठीक आहे, वरचा नळीचा सांधा सुटलाय, सगळी हवा माळ्यावर चाललीय. खुणांनीच सांगितलं, भाषा कुठे येत होती? यानं वर जाऊन पाहिलं, खाली आला आणि म्हणाला, उद्या सकाळी काय करतेस?"

तेव्हापासून ती त्याच्या व्हॅनमध्ये. डच भाषाही तिनं व्हॅनमध्येच शिकली. त्यामुळे तिला स्क्रूच्या सगळ्या जाती आणि हार्मच्या सगळ्या शिव्या आधी आल्या, 'कशा आहात' नंतर आलं. मुलीच्या शाळेत पालकांच्या भेटीला गेली. बाईंनी विचारलं, मुलगी वर्गात रुळली का? रुळणे या अर्थाचा शब्द हिला ठाऊक नाही. हिला धंद्यातला शब्द ठाऊक, 'इनरेखेलन', म्हणजे प्रत्येक खोलीत हवा बेतानं जाईल असं सगळं बसवणं. ही म्हणाली, "अजून नीट इनरेखेलन झाली नाही, वरच्या खोलीत कमी जातंय." बाई हसून हसून खुर्चीतून पडायच्या राहिल्या.

"त्या शब्दाला मराठीत काय म्हणायचं, मला आजवर सुचलं नाही," शामला म्हणाली.

"लावणं," मी म्हटलं. "तंबोरा लावतात ना? खुंटी जरा पिळायची, ऐकायचं, परत जरा पिळायची. तसं तू घर लावतेस."

तिनं तो शब्द दोनदा तोंडात घोळवला. "घर लावणं. आईसुद्धा असंच म्हणायची, नवीन घरी सामान आलं की." मग एकदम गंभीर झाली. "काकू, हे घर लागलंच पाहिजे. माझं सगळं यावर आहे."

गोष्ट अशी होती. हार्म या हिवाळ्यानंतर थांबणार होता. त्याची व्हॅन आणि वर्षानुवर्षांची गिऱ्हाइकं कुणाला तरी द्यायची होती. एक मोठी कंपनी मागत होती. शामलाही मागत होती. ही माणसं हार्मच्या शब्दावर दार उघडतात. तो ज्याचं नाव सांगेल तो आत जाणार. हार्मच्या मनात शामलाच होती, पण एक किंतु होता. ती त्याच्या हाताखाली उत्तम, एकटी कशी? तेव्हा त्यानं आमचं घर तिच्यापुढे टाकलं, जे त्याला तीनदा येऊन उमगलं नव्हतं. अट एकच. तिनं एकटीनं हे घर नीट करायचं, आणि थंडी संपेपर्यंत या घरातून पुन्हा फोन येता कामा नये. आला, तर व्हॅन कंपनीला.

"जुलमी आहे हो तुझा म्हातारा," मी म्हटलं.

"नाही हो काकू. फोन परत येणं म्हणजे आमच्यात नाक कापलं जाणं. त्याला इथे तीनदा परत यावं लागलं, त्याला झोप नाहीये." मग तिनं मला विचारलं, "घर गार नक्की कधी पडतं?"

"मी नऊला उठते तेव्हा गार असतं."

"आणि त्याआधी?"

"त्याआधीचं मला काय ठाऊक?"

तिनं हार्मकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. "आणि हा नेहमी दहाला येतो. काकू, मी सोमवारी सातला येते."

सातला! मी अभिनयाच्या कारकिर्दीत विष प्यायले आहे, सती गेले आहे, पण सातला उठणं म्हणजे खरा त्याग. तो मी केला.

सोमवारी बाहेर मिट्ट काळोख. शामला आली, कपाट उघडलं, नळीत एक लांब दांड्याचा थर्मामीटर खोचला आणि शेजारी मांडी घालून बसली. भट्टी मजेत चालली होती. दीनानाथ अंघोळ करून, मुकटा नेसून बैठकीच्या खोलीत आले. शामलाला पाहून त्यांनी मान हलवली. पूर्वेच्या भिंतीशी आमचा देव्हारा, आणि त्याच्या पुढ्यातच जमिनीत ती मोठी जाळी.

दीनानाथांनी कोपऱ्यातला पाट उचलला आणि अलगद जाळीवर ठेवला. मग सतरंजीची घडी आणली आणि जेवणाच्या टेबलाखालच्या जाळीवर पसरली. स्वयंपाकघराच्या दारातल्या जाळीची पट्टी पायानं सरकवून बंद केली. हे सगळं असं सराईतपणे, जणू दोन प्रवेशांमधल्या अंधारात सामान हलवतायत. मग निरांजन लावलं आणि पूजेला बसले.

मी तोंड उघडणार, तोच शामलानं ओठांवर बोट ठेवलं. ती थर्मामीटरकडे बघत राहिली. काटा चढला, आणखी चढला. दीनानाथांचं गंध उगाळून झालं. फुलं वाहून झाली. पोथी उघडली. एवढ्यात कपाटातून 'खट्' आवाज आला आणि भट्टी विझली. पंखा नुसताच घरघरत राहिला. थोड्या वेळानं पेटली, परत 'खट्'. असं काही वेळा झालं आणि मग ती कायमची गप्प झाली, लाल बटण दाबेपर्यंत.

पूजा संपली. दीनानाथांनी पाट उचलला, सतरंजी घडी घालून जागेवर ठेवली, पट्टी उघडली. रंगमंच जसाच्या तसा. दहाला येणाऱ्या माणसाला काय दिसणार?

शामला त्यांच्याजवळ जाऊन बसली. नमस्कार केला. "काका, इथे वारा लागतो का हो?"

दीनानाथांचे डोळे चमकले. इतक्या दिवसांत त्यांना हे कुणीच विचारलं नव्हतं. सगळे विचारत, थंडी वाजते का.

ते कुजबुजले, "निरांजन विझतं."

"केव्हापासून?"

"पूर्वी नुसतं हलायचं. मी पाट ठेवायला लागलो. मग तो उंच गृहस्थ येऊन गेला आणि वारा वाढला. मी सतरंजी घातली. तो परत आला, वारा आणखी वाढला. मग मी ती दारातली पण बंद केली. अहो, पूजेत दिवा विझून कसं चालेल? माणूस सज्जन दिसतो, पण सारखा येऊन वारा का वाढवतो, कळत नाही."

शामला आधी गालात हसली, मग मोठ्यानं, मग तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "काका, तुम्ही हवेच्या वाटा बंद करता. मग भट्टीची ऊब आतच कोंडते, ती तापून स्वतःला विझवते. तिकडून फोन जातो, घर गार आहे. मग हार्म येऊन पंखा वाढवतो. पंखा वाढला की तुमचं निरांजन विझतं, की तुम्ही आणखी एक जाळी झाकता. तुम्ही दोघं महिनाभर भांडताय हो, एकमेकांना न भेटता!"

मी म्हटलं, "अहो, मला सांगायचं नाही का?"

"तू झोपलेली असतेस," ते म्हणाले.

आता सोपा उपाय कुणीही सांगेल, की पाट ठेवू नका. शामलानं तो तोंडातून काढला नाही. मी मागाहून विचारलं तर म्हणाली, "आज हो म्हणाले असते. पण जानेवारीत एखाद्या सकाळी दिवा फडफडला असता, हात पाटाकडे गेलाच असता, आणि गेली माझी व्हॅन. आणि काकू, व्हॅनचं जाऊ दे. देवापुढचा दिवा राहायला हवा, एवढंच मागतायत ना ते?" देव्हारा हलवणं तर शक्यच नव्हतं. पूर्वेला दुसरी मोकळी भिंत नव्हती.

तेव्हा घर लावायला सुरुवात झाली. आधी तिनं हवा गाळणारी जाळी काढली. ती इतकी मळलेली की तिच्यावर मेथी उगवली असती. ती बदलली. मग वर गेली. माळ्याशेजारच्या खोलीत खोक्यांच्या राशीमागे एक जाळी कित्येक वर्षं बंद होती, ती मोकळी केली. आमच्या झोपायच्या खोलीतली अर्धवट उघडी होती, ती पुरती उघडली. "हवेला जायला वाटा जास्त दिल्या की ती धावत सुटत नाही," ती म्हणाली. मग वीज बंद करून पंख्याच्या मोटरला हात घातला. मोटरला चार वायरी, प्रत्येकीचा वेग वेगळा. हार्मनं सगळ्यात जोरातली जोडून ठेवली होती. तिनं सगळ्यात हळू चालणारी जोडली. निरांजन काय सुंदर तेवलं! चित्रातलं वाटावं. मी टाळ्या वाजवल्या.

"थांबा," ती थर्मामीटर बघत म्हणाली. "आत फार तापतेय. अशानं आज नाही तर उद्या परत विझेल." तिनं त्याच्या वरच्या वेगाची वायर जोडली. थर्मामीटरचा काटा जागेवर आला, पण ज्योत एका बाजूला झुकली. आता फक्त देव्हाऱ्याच्या नळीतली हवा कमी करायची आणि बाकीच्या खोल्यांत ती वाटून द्यायची. नळीतल्या झडपेचा दांडा कपाटात, आणि ज्योत बैठकीत. एका जागेवरून दुसरी दिसत नाही.

आणि मग, रसिकहो, जो प्रवेश झाला तसा मी रंगभूमीवर कधी केला नाही. दीनानाथ देव्हाऱ्यापुढे ज्योतीकडे डोळे लावून बसले. शामला कपाटात झडपेचा दांडा धरून. तो पंखा घरघरतोय, आणि आमचे प्रॉम्प्टर कुजबुजतायत. तिला काय ऐकू जाणार? तेव्हा मी मधल्या दारात उभी राहिले. ते कुजबुजायचे आणि मी शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात शामलाला सांगायचे.

"डावीकडे झुकली," दीनानाथ म्हणाले.

"ज्योत डावीकडे झुकली हो!" मी गर्जना केली.

"किती?" कपाटातून.

"बरीच," दीनानाथ.

"बरीच!"

"आता?"

"थोडी सरळ होतेय," दीनानाथ.

"सावरतेय बिचारी, सावरतेय!"

"मी बिचारी म्हटलं नव्हतं," दीनानाथ कुजबुजले. "पदरचं घालू नकोस." चाळीस वर्षांपूर्वीही विंगेतून हेच म्हणायचे.

"काकू, नक्की काय म्हणाले?"

"पदरचं घालू नकोस म्हणाले!"

"काय घालू नको?"

बराच वेळ हे चाललं. मला आठवलं, गावोगावच्या थिएटरांत छताचे पंखे एवढे कुरकुरायचे की नाजूक प्रसंग आला की मॅनेजर पंखे बंद करायचा. प्रेक्षक घामानं निथळायचे, पण आमचा शब्द ऐकायचे. ऐकायचं तर घामाघूम व्हायचं आणि वारा हवा तर ऐकायचं नाही, यातली मधली वाट आम्हाला कुणी दाखवली नव्हती. शामला ती कपाटात बसून शोधत होती. शेवटी तिनं जाळीच्या पट्ट्याही वळवल्या, हवा देव्हाऱ्याकडे न जाता खिडकीकडे जावी म्हणून. दीनानाथ काहीच बोलेनात.

"काय झालं? बोला ना," मी म्हटलं.

"बोलण्यासारखं काही नाही," ते म्हणाले. "उभी आहे."

ज्योत उभी होती. जाळी उघडी, पाट कोपऱ्यात, भट्टी पेटलेली, आणि विमान उडून गेलेलं.

त्यानंतर डिसेंबर गेला, कालवे गोठले, संक्रांत आली. मी रोज नऊला उबदार घरात उठत होते. शामलाची भेट नाही, कारण फोन करायचा नव्हता ना! घरात मी सगळ्यांना ताकीद दिली होती, काही झालं तरी कपाटावरचा तो नंबर फिरवायचा नाही. सगळ्यांना म्हणजे अभिजितला आणि स्वप्नालीला. दीनानाथांनी गेल्या दहा वर्षांत कुणालाच फोन केला नव्हता. त्यांना कशाला सांगायचं?

रथसप्तमीच्या आदल्या दिवशी दुपारी बेल वाजली. दारात हार्म आणि शामला. हार्मचा चेहरा पडलेला, शामलाचा त्याहून. तिचे डोळे लाल होते. हातात तीच पेटी.

"काय बिघडलं काकू?" तिनं विचारलं.

"कुठे काय? काहीच नाही!"

"तुमच्याकडून फोन आला. हार्मनं घेतला. नीट ऐकू आलं नाही म्हणाला, पण माझं नाव आणि 'अगेन' एवढं कळलं. शामला, अगेन."

मी सावकाश मागे वळले. दीनानाथ जिन्यापाशी उभे होते.

"तुम्ही फोन केलात?"

"केला," ते कुजबुजले. "उद्या रथसप्तमी. हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस. दोन महिने निरांजन एकदाही विझलं नाही. म्हटलं, त्या मुलीला बोलवावं, तू तिची ओटी भरशील. तिचा नंबर कुठे आहे आपल्याकडे? कपाटावर त्याचा होता. मी इंग्रजीत सांगितलं, लॅम्प इज व्हेरी गुड, प्लीज शामला कम अगेन."

शामला पेटीवरच बसली. तिला हसू का रडू कळेना. हार्म आमच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होता. मी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले, श्वास पोटातून घेतला आणि मला येत असलेल्या सगळ्या इंग्रजीत, कंपनीच्या नाटकात दरबाराला उद्देशून बोलायचे त्या पट्टीत, त्याला सांगितलं. भट्टी उत्तम आहे. तक्रार नाही. आमच्या रंगभूमीवर गाणं आवडलं की लोक ओरडतात, वन्स मोअर! तसा हा फोन होता. पुन्हा ये, कारण छान केलंस!

शेजारच्या डच बाईनं खिडकी उघडून पाहिलं, म्हणजे हार्मलाही ऐकू आलं असणार.

मग बूट काढून आत आला. कपाट उघडून त्यानं पंख्याची वायर पाहिली, झडपेचा दांडा पाहिला, थर्मामीटर लावून पाहिला. बैठकीत आला. दीनानाथांनी त्याच्यासाठी निरांजन लावलं. जाळीतून ऊब येत होती आणि ज्योत उभी होती. तो उंच माणूस गुडघे टेकून ज्योतीच्या पातळीवर आला आणि तिच्याकडे बघत बसला. महिनाभर न भेटता भांडलेले दोघं शेजारी शेजारी.

उठला तेव्हा शामलाला काहीतरी म्हणाला.

"काय म्हणतो?" मी विचारलं.

"म्हणतो, तुला म्हटलं होतं फोन आला तर हरलीस. फोन तर आला." "पण म्हणतो, सगळं नीट आहे हे सांगायला मला आयुष्यात कुणी फोन केला नाही. असा फोन कशात धरायचा, मला माहीत नाही."

आणि खिशातून व्हॅनची किल्ली काढून त्यानं तिच्या तळहातावर ठेवली. तिनं मूठ मिटली, उघडली, पुन्हा मिटली.

रथसप्तमीपर्यंत थांबायला मला धीर कुठला? मी तेव्हाच तिची ओटी भरली. घरात खण होता, नारळ होता, तीळगूळ होता. अवजारांच्या पेटीवर बसून, कामाच्या निळ्या कपड्यांत, तिनं ओटी घेतली. नारळ पेटीत पान्याशेजारी ठेवला. हार्मला तीळगूळ दिला, त्यानं तो आधी वासानं तपासला आणि मग दोन मागितले. दीनानाथांनी शामलाला काहीतरी कुजबुजून सांगितलं. काय, ते तिनंही मला सांगितलं नाही आणि त्यांनीही नाही.

निघताना आम्ही दारात उभे होतो. बाहेर बारीक पाऊस आणि दुपारीच संध्याकाळ. हार्म सवयीनं व्हॅनच्या चालकाच्या दाराशी गेला, हात पुढे केला, थांबला. शामला मागे किल्ली घेऊन उभी. तो व्हॅनला वळसा घालून पलीकडे गेला आणि दुसऱ्या सीटवर अवघडून बसला, गुडघे छातीशी.

शामला स्टिअरिंगपाशी बसली. तिचे पाय पोहोचेनात, कारण सीट त्याच्या मापाची. तिनं खालचा दांडा ओढून सीट पुढे घेतली. आणखी पुढे. आरसा वळवला, बाजूचे दोन्ही आरसे वळवले. काच खाली करून म्हणाली, "काकू, उद्या लेलीस्टाटला एक घर आहे, सकाळचंच. संध्याकाळी हळदीकुंकवाला येते, नरेंद्रलाही आणते."

"त्याला विचारते हं मी," मी ओरडून म्हटलं, "मिसेस काय करतात?"

ती मनापासून हसली, आणि व्हॅन सुरू केली.